क्षयरोग कक्षातील परिचारिकेच्या मनावरचा ताण कसा हलका करता येईल?

क्षयरोग कक्षात नव्याने रुजू झालेली आपली बहीण नाशिकरोडच्या घरी परतल्यावर मुलालाही जवळ घेत नाही, असे आपण लिहिले आहे. अशा परिचारिकेला स्वतःच्या आजारपणापेक्षा घरच्यांना लागण होण्याची धास्ती अधिक असते. त्यात नाकावर उमटलेले एन-९५ मास्कचे वळ, रात्रपाळी आणि शेजाऱ्यांचे खोचक प्रश्न. मात्र क्षयरोग हवेतून पसरतो, कपड्यांतून किंवा भांड्यांतून नव्हे. त्यामुळे कक्षात मास्क नीट बसवून वापरत असेल आणि खोकला-ताप नसेल, तर तिने मुलाला खुशाल कडेवर घ्यावे. ‘धीर धर’ म्हणण्यापेक्षा (तो तिच्यापाशी आपल्याहून जास्तच आहे) कामाची पाळी संपल्यावर तिचे ऐकून घ्यावे. झोप उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.