सँक्शन, निर्बंध आणि रसद

एका वाचकाने विचारलं आहे: "'दहशतवाद्यांवर सँक्शन्स, बँक खाती जप्त' असा मथळा वाचला. कर्ज सँक्शन झालं म्हणजे मंजूर झालं, एवढंच मला ठाऊक होतं. मंजुरीचा शब्द मनाईला कसा लागला? आणि मराठीत लिहायचं तर निर्बंध, प्रतिबंध, बंदी, जप्ती, गोठवणं यांपैकी नेमकं काय लिहावं?"

मथळ्यातला 'जप्त' हा शब्द 'सँक्शन्स'पेक्षा जास्त घोटाळा करतो, त्याच्याकडे पुढे येतेच. आधी सँक्शन.

लॅटिनमध्ये 'सांकिरे' असं क्रियापद आहे. पवित्र ठरवणं, विधिपूर्वक पक्कं करणं, हा त्याचा अर्थ. इंग्रजीतला 'सेंट' याच कुळातला. (आपला 'संत' मात्र संस्कृत 'सत्'वरून आलेला, त्याचं इथे नातं नाही.) रोमन कायद्यात 'सांक्तिओ' म्हणजे कायदा मोडणाऱ्याला काय भोगावं लागेल हे सांगणारं कलम. कायदा पक्का होतो तो अधिकाऱ्याच्या मान्यतेने, आणि पक्का राहतो तो दंडाच्या धाकाने. या दोन टोकांवरून शब्दाला दोन फांद्या फुटल्या. मान्यतेची फांदी आपल्याकडे कचेऱ्यांमधून आली, मनाईची बऱ्याच उशिरा बातम्यांमधून. बोलताना आपण दोन्ही नकळत वेगळी ठेवतो: मंजुरीचं सँक्शन एकवचनी असतं आणि ते 'होतं' किंवा 'मिळतं', मनाईचे सँक्शन्स अनेकवचनी असतात आणि ते 'लागतात'. तरीही मनाईसाठी हा शब्द मराठीत वापरायची गरज मला दिसत नाही, कारण 'निर्बंध' हा चांगला रुळलेला शब्द आपल्याकडे आहे.

या 'निर्बंध'चाही प्रवास पाहण्यासारखा आहे. 'निर्' म्हणजे 'नसलेला' असं धरून चाललं तर निर्धन, निर्दोष यांच्याप्रमाणे निर्बंध म्हणजे 'बंध नसलेला' व्हायला हवा. पण इथला 'निर्' निर्णय, निर्धार, निर्देश यांतला आहे. तो अभाव दाखवत नाही, पक्केपणा दाखवतो. म्हणूनच मोकाट सत्तेला आपण 'अनिर्बंध' म्हणतो. संस्कृतात निर्बंध म्हणजे हट्ट, आग्रह. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्स रघुराजाला सांगतो, की गुरुदक्षिणा काय देऊ असा निर्बंध मी धरला, त्याने गुरू रागावले आणि चौदा कोटी आण म्हणाले. तिथे या शब्दात मनाईचा लवलेशही नाही. पुढे विसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीच्या चळवळीत 'कायदा' या अरबी शब्दाला पर्याय म्हणून 'निर्बंध' पुढे आला. तो अर्थ फार टिकला नाही. आज उरली आहे ती मर्यादा किंवा अटकाव ही छटा. तरी आग्रह, नियम आणि अटकाव हे तिन्ही अर्थ आतल्या आत जोडलेले आहेत, आणि 'सांक्तिओ'शी इतका जवळचा जुळणारा शब्द दुसऱ्या भाषेत सहज सापडणार नाही.

'प्रतिबंध' हा हिंदी बातम्यांतून येतो. हिंदीत सँक्शन्सना प्रतिबंधच म्हणतात. मराठीत मात्र प्रतिबंध म्हणजे एखादी गोष्ट घडूच नये म्हणून आधी केलेली तजवीज: रोगप्रतिबंध, प्रतिबंधक लस. तेव्हा 'दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याला प्रतिबंध' हे हेतू सांगताना अगदी बरोबर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 9 डिसेंबर 1999 रोजी स्वीकारलेल्या कराराचं नाव मराठीत घ्यायचं तर असंच घेता येईल. पण 'त्या माणसावर प्रतिबंध लागले' हे मराठीच्या कानाला परकं आहे.

'बंदी'चं काम वेगळं. बंदी संघटनेवर येते: तिचं काम, सभासदत्व, प्रचार बेकायदा ठरतो. निर्बंधांचा रोख दुसरीकडे असतो. व्याकरणात आपण म्हणतो 'त्याच्यावर निर्बंध आले', पण प्रत्यक्ष आज्ञा त्याला दिलेलीच नसते. ती इतर सगळ्यांना असते: बँकांना, विमा कंपन्यांना, जहाजवाल्यांना, तुम्हाआम्हाला. त्याचे पैसे जागचे हलू देऊ नका, त्याला पैसा किंवा सेवा पोचवू नका. सुरक्षा परिषदेचा 28 सप्टेंबर 2001 चा ठराव क्रमांक 1373 सर्व सदस्य देशांना हेच बजावतो. 'बहिष्कार'ही इतरांनीच पाळायचा असतो, पण तो स्वेच्छेचा. निर्बंध मोडले तर मोडणाऱ्यावर खटला होऊ शकतो.

आता 'आर्थिक'. आपल्याकडे 'आर्थिक' हा शब्द देशाच्या अर्थव्यवस्थेलाही लागतो आणि खिशातल्या पैशालाही. त्यामुळे 'आर्थिक निर्बंध' म्हटलं की दोन फार वेगळ्या गोष्टी एका शब्दात शिरतात. 6 ऑगस्ट 1990 रोजी ठराव 661 ने इराकवर घातलेले निर्बंध हे साऱ्या देशाच्या व्यापाराची कोंडी होते, आणि त्याची झळ सामान्य माणसांना फार मोठी बसली. त्या अनुभवानंतर निर्बंध नेमक्या माणसांपुरते ठेवावेत हा विचार जोर धरू लागला. 15 ऑक्टोबर 1999 चा ठराव 1267 आला तो तालिबानचा पैसा गोठवण्यासाठी. पुढे अल-कायदा आणि नंतर आयसिस त्याच चौकटीत आले. इथे देशाचा व्यापार बंद होत नाही, सुरक्षा परिषदेने नावं घालून केलेल्या यादीतल्या माणसाचा आणि संस्थेचा पैसा थांबतो. म्हणून देशाच्या कोंडीला 'आर्थिक निर्बंध' आणि इथे 'वित्तीय निर्बंध' असा भेद पाळावा असं मला मनापासून वाटतं. भाषांतरात 'लक्ष्यित निर्बंध' असंही दिसतं. तो शब्द कोणी बोलत नाही. मराठीत 'नावनिशीवार' असा सुरेख शब्द असताना 'नावनिशीवार निर्बंध' का म्हणू नये?

आणखी एक गल्लत याच्या शेजारचीच. एफएटीएफ (फायनान्शियल अ‍ॅक्शन टास्क फोर्स) ही 1989 मध्ये स्थापन झालेली, काळा पैसा आणि दहशतवादाचा अर्थपुरवठा रोखण्याचे निकष ठरवणारी आंतरसरकारी संस्था देशांची 'करडी यादी' काढते. पाकिस्तान जून 2018 ते ऑक्टोबर 2022 त्या यादीत होता आणि त्या काळात 'पाकिस्तानवर निर्बंध' असं सर्रास लिहिलं गेलं. करडी यादी म्हणजे वाढीव देखरेख. त्यात कोणाचं खातं गोठत नाही.

आता 'जप्त'. हे मी जरा कळकळीने लिहिते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. बँकेच्या एका परिपत्रकाचं भाषांतर करताना 'खाती गोठवावीत' असं लिहायच्या जागी मी 'जप्त करावीत' लिहिलं, आणि ते तसंच पुढे गेलं. 'जप्त' हा अरबी 'जब्त'वरून आला. जप्तीत वस्तू सरकार ताब्यात घेतं. 'टाच' आणली की मालमत्ता कोर्टाच्या हुकमाखाली अडकते. 'सरकारजमा' झाली की मालकीच संपते. 'गोठवणं' या तिन्हींहून वेगळं आहे: पैसा खातेदाराचाच राहतो, बहुधा त्याच बँकेत राहतो, फक्त हलत नाही. एफएटीएफच्या व्याख्येतही गोठवलेली मालमत्ता मूळ मालकाचीच राहते असं स्पष्ट म्हटलं आहे. पैशाबद्दल बोलताना मराठी आधीच पाण्याची भाषा बोलते: पैशाचा ओघ, पैसा झिरपतो, पैसा मुरतो. वाहत्याला थांबवायचं तर 'गोठवणं' हे क्रियापद अगदी चपखल बसतं. घराच्या बाबतीत ते जरा विचित्र वाटतं, 'घर गोठवलं' असं कोण म्हणेल? पण निर्बंधांत घरही येतं, कारण ते विकून, गहाण टाकून किंवा भाड्याने देऊन पैसा उभा करता येतो. तिथे 'घराच्या व्यवहारांवर निर्बंध' असं लिहावं.

हा भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. गोठवण्याची कारवाई न्यायालयाने दोषी ठरवण्याची वाट पाहत नाही. आधी कळवलं तर पैसा तासाभरात दुसऱ्या देशात जाईल, म्हणून ती पूर्वसूचना न देता होते, आणि यादीत नाव आल्यापासून शक्यतो काही तासांतच व्हावी अशी एफएटीएफची अपेक्षा असते. म्हणजे ही शिक्षा नाही, खबरदारी आहे. डिसेंबर 2002 मधल्या ठराव 1452 ने अन्न, घरभाडं, औषधोपचार, कर अशा गरजांसाठी गोठवलेल्या पैशातून रक्कम सोडायची सोय केली, ती याच समजुतीतून. 'जप्त' वाचणाऱ्याला वाटतं की गुन्हा सिद्ध झाला आणि प्रकरण मिटलं. 'गोठवलं' वाचणाऱ्याला विचारता येतं, किती काळ? यासीन कादी या सौदी उद्योजकाचं नाव 2001 च्या ऑक्टोबरमध्ये यादीत आलं. आपल्याविरुद्ध पुरावा काय हे कळायचा आणि त्यावर बाजू मांडायचा हक्क त्यांना मिळाला नाही, असं म्हणत युरोपीय संघाच्या न्यायालयाने 3 सप्टेंबर 2008 रोजी त्यांच्या बाजूने निकाल दिला. संयुक्त राष्ट्रांच्या यादीतून नाव निघालं ते 2012 मध्ये. अकरा वर्षं गोठलेल्या पैशाला 'तात्पुरती खबरदारी' म्हणणं जड जातं. 2009 च्या डिसेंबरमध्ये ठराव 1904 ने यादीतून नाव काढण्याच्या अर्जांसाठी लोकपालाचं पद निर्माण केलं. दहशतवादाचा पैसा तोडायलाच हवा असं मी मानते, आणि म्हणूनच कोणाचा पैसा कोणत्या टप्प्यावर आहे हे बातमीत अचूक लिहिलं जावं असंही मानते.

पैसा तोडण्याच्या हेतूला मात्र आपल्याकडे घरचाच शब्द आहे: रसद तोडणं. फारसी 'रसीदन' म्हणजे पोचणं. जे फौजेपर्यंत पोचतं ती रसद, आणि पोचल्याची खूण ती रसीद. 'हवाला' अरबी: सोपवणं, एकाकडून दुसऱ्याकडे लावून देणं. 'हवाली करणं', 'हवालदार' आणि ग्रंथाचा 'हवाला देणं' ही सगळी त्याचीच भावंडं. हवाल्याच्या व्यवहारात एका गावी रक्कम घेतात आणि दुसऱ्या गावी तितकी देतात, मध्ये पैसा प्रवास करत नाही आणि बँकेच्या वहीत नोंद होत नाही. रसद पोचते, रसीद उरत नाही. गोठवण्याचा हुकूम अशा वाटेवर अपुरा पडतो. शिवाय रकमा लहान असतात. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांचा खर्च चार ते पाच लाख डॉलर झाला असावा, असा अमेरिकेच्या चौकशी आयोगाचा अंदाज आहे. इतका पैसा जगाच्या रोजच्या उलाढालीत सहज लपतो.

याच कारणाने 'मनी लाँडरिंग' आणि 'टेरर फंडिंग' एकाच अर्थाने वापरू नयेत. पहिल्यात काळा पैसा पांढरा करतात. दुसऱ्यात पैसा कष्टाचा, देणगीचा, अगदी स्वच्छही असू शकतो, काळं असतं ते त्याचं पुढचं काम. 'दहशतवादी अर्थपुरवठा' असंही लिहू नये, पुरवठाच दहशत घालतो असा अर्थ होतो. 'दहशतवादाला अर्थपुरवठा' बरोबर. 'अर्थसाहाय्य' टाळावं, त्या शब्दाला शिष्यवृत्तीचा वास आहे.

यादीबद्दल एक भाषेचीच गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या यादीचा सगळा डोलारा 'उर्फ' या शब्दावर उभा आहे. अरबी 'उर्फ' म्हणजे ओळखीचं, लोकांत रूढ असलेलं. सुरक्षा परिषदेच्या यादीत माणसाच्या नोंदीत, जितकी माहिती मिळेल तितकी, मूळ लिपीतलं नाव, जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक आणि उर्फ नावं असतात, आणि उर्फांचेही दोन वर्ग केलेले असतात: खात्रीचे आणि कच्चे. कारण एकच नाव महंमद, मोहम्मद, मुहम्मद असं कसंही लिहिलं जातं. अरबीत 'ह'चे दोन वेगळे उच्चार आहेत, देवनागरीत दोन्हींना एकच 'ह'. नाव जुळलं म्हणून भलत्याच माणसाचे पैसे अडकू शकतात, आणि एका अक्षराच्या फरकाने हवा तो माणूस निसटू शकतो. लिप्यंतराच्या चुकीची एवढी मोठी किंमत दुसरीकडे क्वचितच मोजावी लागत असेल.

राहिली क्रियापदं. निर्बंध 'घालणं' हे तटस्थ आहे. 'लादणं'मध्ये ओझं आहे, लिहिणाऱ्याचं मत त्यात उतरतं. मत द्यायचं नसेल तर बातमीत 'घातले' लिहावं. निर्बंध संपले की ते 'उठतात', पण एकाच माणसाचं नाव निघालं तर 'यादीतून वगळलं' म्हणावं, कारण बाकीच्यांवरचे निर्बंध तसेच असतात. तुमचा मथळा मी असा लिहिला असता: 'दहशतवाद्यांवर वित्तीय निर्बंध, बँक खाती गोठवली'.