सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने घेताना अ‍ॅव्हरेजला किती महत्त्व द्यावे?

तुमचा बेत असा आहे : चार मोठी माणसे आणि एक लहान मूल, पुण्याहून कोल्हापूर-फोंडा घाटमार्गे मालवण, तिथून गोवा आणि आंबोलीमार्गे परत, सहा दिवस आणि साधारण १,२०० किलोमीटर. समोर दोन गाड्या आहेत, दिवसाला २,००० रुपये भाड्याची पेट्रोल हॅचबॅक आणि २,८०० रुपयांची पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्ही; आणि निवड करताना अ‍ॅव्हरेजचा विचार कितपत करावा, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते तो जरूर करावा, मात्र ‘लिटरला किती किलोमीटर’ या रूपात नव्हे, तर पूर्ण प्रवासाला किती लिटर लागतील आणि ते पैसे भाड्यात मिळवल्यावर एकूण किती होतात, या रूपात करावा.

त्यासाठी आधी जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवावा लागेल. एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या घेणारी संस्था आहे; लोक ज्याला ‘एआरएआयचे अ‍ॅव्हरेज’ म्हणतात, ते प्रयोगशाळेत रोलरवर ठरावीक वेगक्रमाने गाडी चालवून मोजलेले असते. त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. तुमच्या गाडीत पाच जण, त्यांच्या बॅगा आणि दिवसभर चालू असलेला एसी असेल. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून मी स्वतः भाड्याच्या गाडीचा अंदाज बांधताना जाहीर आकड्यातून पाव हिस्सा वजा करतो. टाकी-ते-टाकी (एकदा टाकी फुल केल्यापासून पुन्हा फुल करेपर्यंत किती किलोमीटर झाले आणि किती लिटर लागले, अशा) नोंदी ठेवल्यावर तो अंदाज बराचसा जुळतो, असा माझा अनुभव आहे.

त्या हिशेबाने हॅचबॅक लिटरला १६ आणि एसयूव्ही १२ किलोमीटर देईल असे धरू आणि सोपेपणासाठी पेट्रोल १०० रुपये लिटर मानू. हॅचबॅकला ७५ लिटर म्हणजे ७,५०० रुपये, तर एसयूव्हीला १०० लिटर म्हणजे १०,००० रुपये लागतील. भाडे मिळवल्यास पहिलीचा खर्च १९,५०० आणि दुसरीचा २६,८०० रुपये होतो. या ७,३०० रुपयांच्या फरकात इंधनाचा वाटा अडीच हजारांचा, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश आहे. उरलेला सगळा फरक भाड्याचा आहे. हेच अंतर ३०० किलोमीटरचे असते, तर इंधनाचा फरक सव्वासहाशे रुपयांवर आला असता आणि मग त्याचा विचार करण्याचे फारसे कारणच उरले नसते.

अ‍ॅव्हरेजचा आकडा आणखी एका बाबतीत दिशाभूल करतो. २० ऐवजी २४ देणारी हॅचबॅक शोधली, तर १,२०० किलोमीटरमागे १० लिटर वाचतात. पण १० ऐवजी १२ देणारी मोठी गाडी घेतली, तर २० लिटर वाचतात. म्हणजे दोन हॅचबॅकपैकी कोणती काटकसरी, यावर फार वेळ घालवू नये. मोठी गाडी घ्यायची ठरल्यास मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स कोणता आहे, हे अवश्य विचारावे. भाडे देणारे अनेकदा फक्त ‘एसयूव्ही किंवा तत्सम’ एवढेच लिहितात. एखादी डिझेल मॅन्युअल एसयूव्ही लिटरला १६ किलोमीटर देत असेल आणि डिझेल ९० रुपये असेल, तर तिचा इंधनखर्च ६,७५० रुपये, म्हणजे हॅचबॅकपेक्षाही कमी होतो. पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा तिचे भाडे दिवसाला ५०० रुपयांनी जास्त असले, तरी ती परवडते.

घाटांमुळे लहान गाडी फार पेट्रोल पिईल, अशी भीती तुम्ही व्यक्त केली आहे; ती मला तितकीशी खरी वाटत नाही. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. पाच माणसांसह तेराशे किलोची गाडी समुद्रसपाटीपासून तिथवर चढवण्यासाठी, इंजिनाची कार्यक्षमता लक्षात घेऊनही, साधारण एक ते सव्वा लिटर पेट्रोल जादा लागते, आणि त्यातले काही पुढे उतारावर भरून निघते. (उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनांना इंधन जाणेच बंद होते आणि ब्रेकवरचा ताणही कमी होतो.) घाटात लहान इंजिनाची खरी अडचण ओव्हरटेक करताना जाणवते. पेट्रोल खरे जाते ते पुणे-कोल्हापूर महामार्गावर, कारण ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. हॅचबॅकच्या डिकीत सामान मावले नाही म्हणून टपावर कॅरियर लावलात, तर तोच विरोध आणखी वाढून लहान गाडीचा फायदा बराचसा नाहीसा होईल. पाच जणांचे सहा दिवसांचे सामान पाहता हा मुद्दा मला सर्वांत निर्णायक वाटतो, आणि म्हणून डिझेल एसयूव्ही मिळत असल्यास मी तिलाच पसंती देईन. न मिळाल्यास मऊ, लहान बॅगा घेऊन हॅचबॅक घेईन.

सीएनजीचा खर्च निःसंशय कमी पडतो, पण बहुतेक गाड्यांत डिकीची जागा सिलिंडर व्यापतो आणि सुट्टीच्या दिवसांत पंपावर रांगा लागतात. तुमच्या प्रवासासाठी मी ती सुचवणार नाही.

गाडी ठरवण्यापूर्वी भाड्यात रोज किती किलोमीटर धरले आहेत, ते वाचा. तुमची रोजची सरासरी २०० किलोमीटर पडते. मर्यादा १५० ची असेल, तर ३०० किलोमीटर जादा होतील आणि १० रुपये दराने त्यांचे ३,००० रुपये द्यावे लागतील. म्हणजे दोन गाड्यांच्या इंधनातील फरकापेक्षाही जास्त. इंधन ‘जेवढे घेतले तेवढे परत’ या अटीवर असेल, तर घेताना आणि देताना इंधनाच्या काट्याचा व ओडोमीटरचा फोटो काढा, कारण ४० लिटरच्या टाकीला आठ रेघा असल्यास एका रेघेत ५ लिटर, म्हणजे पाचशे रुपये असतात. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त असल्याने परतताना टाकी तिथेच फुल करावी आणि पुण्यात गाडी देण्याच्या ठिकाणाजवळच्या पंपावर फक्त कमी पडलेली रेघ भरून काढावी.