ईस्टरच्या दिवसांत मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) पहिलं वाचन जुन्या करारातलं (बायबलच्या येशूआधीच्या भागातलं) का नसतं? मनन करताना हे कसं घ्यायचं?

कारण ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंतच्या) ५० दिवसांत पुनरुत्थानानंतर शिष्यांचं काय झालं तेच ऐकवायचं असतं, म्हणून पहिलं वाचन बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातून आणि शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरचं वाचन) बहुतेक दिवस योहानाचं. कॅथलिक वाचनक्रमच तसा लावलाय. मनन करताना दोन्ही वाचनं शेजारी ठेवून बघा, सुटी सुटी वाचली की मजाच जाते. म्हणजे क वर्षाचा (तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या तिसऱ्या वर्षाचा) ईस्टरचा तिसरा रविवार घ्या, योहान २१ मध्ये किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलाय, वर मासे भाजतायत, आणि येशू आपला शिष्य पेत्र याला तीनदा विचारतो की माझ्यावर प्रेम करतोस का, आता योहान १८ उघडा, पेत्राने येशूची ओळख नाकारली तेव्हाही तो असाच कोळशाच्या शेकोटीपाशी उभा होता! आणि त्याच रविवारच्या पहिल्या वाचनात (कृत्ये ५) हाच घाबरट पेत्र यहुदी न्यायसभेला तोंडावर सांगतो की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. बस, या एका माणसावर आठवडाभर मनन होईल. ईस्टर जागरणाची (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेची) रात्र मात्र वेगळी, तेव्हा जुन्या करारातली सातपर्यंत वाचनं असतात, निर्गममधलं समुद्र ओलांडण्याचं तर वगळताच येत नाही.