डायनॅमो काढून अल्टरनेटर: साडेआठ हजार घालावेत का?

वाळवा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. १९८४चा बी-२७५ ट्रॅक्टर, हंगामात रात्रीची ऊस वाहतूक, बॅटरी वरचेवर उतरते. इलेक्ट्रिशियन बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याजागी अल्टरनेटर बसवायचे ८,५०० सांगतोय. धाकटा भाऊ म्हणतो, हा विका, सहा लाख कर्ज काढून नवा घेऊ.

भाऊंचं आधी बघू. सहा लाख, ११ टक्के, पाच वर्षं धरली तर महिन्याला १३,०००च्या आसपास हप्ता आणि वर एक लाख ऐंशी हजारांहून जास्त व्याज. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. मग बॅटरीपायी एवढं कर्ज अंगावर घेऊ नका.

अल्टरनेटरचा खर्च मात्र मला पटतो. पुढचे दोन आणि मागचा एक, ५५ वॅटचे तीन दिवे म्हणजे १२ व्होल्टला जवळपास १४ अँपिअर. त्या काळचे बरेच डायनॅमो ११ अँपिअरचे, आणि तेवढे तरी रेस असतानाच देणार. कारखान्याच्या रांगेत इंजिन स्लोवर आणि दिवे चालू, की सगळा भार बॅटरीवर. अल्टरनेटर स्लोवरही चार्जिंग करतो. तुमचं काम फक्त दिवसाच्या नांगरटीचं असतं, तर मी नकोच म्हटलं असतं.

तरी आधी बॅटरीची टोकं आणि अर्थिंग घासून साफ करा, रेस देऊन मल्टिमीटर लावा. दिवे लावूनही १४ व्होल्ट टिकले तर डायनॅमो ठीक आहे, बॅटरी तपासून घ्या. दिवे लावताच साडेबाराच्या खाली आलं, तर डायनॅमो कमी पडतोय.

८,५००मध्ये काय काय धरलंय तेही विचारा. ब्रॅकेट, पट्टा, चार्जिंगचा दिवा, फ्यूज आणि बॅटरीपर्यंत नवी जाड वायर हवीच. इथे पैसे वाचवू नका. जुन्या बारीक वायरवर जोडला तर वायर तापून जळते. डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारी कटआउटची जुनी पेटी वायरिंगमधून काढायला लावा. बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला आहे ना, हेही बघायला सांगा. उलटी असेल तर अल्टरनेटरचे डायोड लगेच उडतात.

किसान क्रेडिट कार्डाच्या मर्यादेत शेतीच्या साधनांच्या दुरुस्तीसाठी २० टक्के धरलेले असतात, पण वेळेत फेड झाली तरच व्याजात ३ टक्के सवलत. उसाचं बिल कधी पडेल याचा भरवसा नसताना ती सवलत पणाला कशाला लावायची? बचत खात्यात तीस हजार आहेत म्हणता, त्यातूनच द्या. निम्मे आधी, आणि उरलेले रात्री सगळे दिवे लावून, इंजिन स्लोवर ठेवून मीटर बघितल्यावर.