जपानीत पहिली ओळख करून देताना

प्रिय मुली,

नागोयातल्या नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ओळख करून द्यायची म्हणून तू दीड पानी भाषण पाठ करते आहेस, हे वाचलं. ते बाजूला ठेव. शिक्षण, छंद, जपानबद्दलचं प्रेम हे पुढे जेवणाच्या सुट्टीत आपोआप निघेल. तुला एवढंच पुरे:

हाजिमेमाशिते. (आडनाव) तो मोऽशिमास. इंदो नो पुने कारा किमाशिता. दोऽझो योरोशिकु ओनेगाइ शिमास. (पहिल्यांदाच भेटतोय. मला अमुक आडनावाने ओळखतात. भारतातल्या पुण्याहून आले. विनंती, सांभाळून घ्या.)

‘वाताशी वा’ने सुरुवात करू नकोस. ‘पुण्याहून आले’ म्हणताना आपण ‘मी’ कुठे म्हणतो? तसंच आहे हे. ‘मोऽशिमास’ हे स्वतःबद्दल बोलण्याचं नम्र रूप. मित्रमंडळीत साधं ‘देस’ चालतं, पण कचेरीत पहिल्या भेटीला हेच शोभतं. आणि स्वतःच्या नावाला ‘सान’ कधीही लावायचं नाही. तो मान दुसऱ्याने द्यायचा. ‘सेन्सेइ’ (बाई, गुरुजी) या मानाच्या शब्दाचंही तसंच. तुम्ही मुलं मला सेन्सेइ म्हणता, पण माझा पेशा सांगताना मी ‘क्योऽशी’, म्हणजे नुसतं ‘शिक्षिका’, म्हणते.

तिथे तुला आडनावाने हाक मारतील, म्हणून ते सावकाश सांग. जपानीत ल, ळ आणि र यांना मिळून एकच ध्वनी आहे, महाप्राण नाहीत. गोखलेचं ‘गोऽकारेऽ’ होतं. काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, तुझं नाव कसं लिहायचं ते आताच ठरव आणि बोलतानाही तसंच बोल. ऐकणाऱ्याला ते पहिल्या फटक्यात कळावं, यातच त्याचा मान आहे. उच्चारांत मराठी तुझ्या बाजूने आहे. ‘हाजिमे’तला ज ‘जीभ’ या शब्दातला, ‘दोऽझो’तला झो मात्र ‘जोर’ या शब्दातल्या ‘जो’सारखा. हा फरक तुझ्या तोंडात लहानपणापासून आहे. दीर्घ स्वर मात्र पूर्ण लांबव, तिथे आपण घाई करतो.

आधी वाक्य पुरतं बोल, मग वाक. बोलता बोलता वाकलीस तर शब्द जमिनीकडे जातात. पाठ सरळ ठेवून कमरेतून साधारण ३० अंश, हात पुढे, नजर खाली. क्षणभर थांब आणि सावकाश वर ये. हात जोडू नकोस, तिथे हात जोडतात ते देवळात किंवा जेवायला बसताना.

समोरचा ‘योरोशिकु’ म्हणाला की ‘कोचिरा कोसो’ म्हण, म्हणजे ‘मीच तुम्हाला विनंती करायची’. त्याचं नाव कळलं नाही तर ‘आनाता’ (तुम्ही) म्हणून वेळ मारून नेऊ नकोस, ते उद्धट वाटतं. ‘सुमिमासेन, ओनामाए ओ मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास’ म्हणून पुन्हा विचार. त्यात कमीपणा नाही. कार्ड दिलं तर दोन्ही हातांनी घे, वाच, आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेव. त्यावर काही लिहायचं नाही.

रविवारी फोन कर. उभी राहून, वाकण्यासकट म्हणून दाखव.

तुझी,
सेन्सेइ नव्हे, क्योऽशी