१८ वर्षांच्या मुलाला थेट एलिट बॉक्सरसमोर उतरवावं का?

तुमचा मुलगा १८ वर्षांचा, वजन ६० किलो, ऐरोलीत दोन वर्षं सराव, १२ बाउट (स्पर्धेतल्या लढती), त्यातल्या ९ जिंकलेल्या. सर म्हणतात आता आठवड्यातून दोनदा ठाण्याला सीनियर पोरांबरोबर स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करू दे आणि नवीन वर्षात खुल्या स्पर्धेत उतरवू, ड्रॉमध्ये, म्हणजे जोड्या लावताना, राष्ट्रीय पदकवाला आला तरी हरकत नाही. तुम्ही विचारताय ते स्पर्धेबद्दल. मला जास्त काळजी त्या ठाण्याच्या दोन संध्याकाळींची वाटते.

स्पर्धेत तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, नऊ मिनिटांचा मामला असतो. रेफ्री मध्ये उभा, रिंगशेजारी डॉक्टर, मुलगा गडबडला की लढत थांबवून रेफ्री आठपर्यंत आकडे मोजतो (काउंट), फारच झालं तर बाउट थांबते. जिममध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी तोच मुलगा त्याच दर्जाच्या माणसाकडून सहा-सहा राउंड डोक्यावर खातो, आणि ते कोणी मोजत नाही. महिनाभराचे राउंड धरले तर सोळा स्पर्धांच्या लढतींइतका मार होतो.

आधी गटाचं बघा. वय तारखेवर नाही, जन्मवर्षावर धरतात. १७-१८ युथ, १९ ते ४० एलिट. म्हणजे डिसेंबर २००७ चा मुलगा १ जानेवारी २०२६ ला एलिट होतो, १८ पूर्ण होऊन जेमतेम काही दिवस झालेले असताना. समोरचा २७ वर्षांचा असू शकतो, तोही ६०च किलोचा. पण ते ६० किलो वेगळे असतात: क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना धरून ठेवताना, मान दाबली की मुलाचे पाय जड होतात आणि तिसऱ्या राउंडमध्ये हात उचलत नाहीत. शिवाय एलिट पुरुषांत २०१३ पासून हेडगार्ड नाही. हेडगार्डने कातडी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. पण तो गेल्यावर डोक्याला डोकं लागून भुवई फाटायचं प्रमाण वाढतं. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना तुमचा मुलगा डोकं पुढे टाकत असेल तर ते आत्ताच सोडवा, स्पर्धेच्या आठवड्यात सुटत नाही.

सीनियरबरोबर स्पारिंग बंद करा असं मी म्हणत नाही. त्याशिवाय वेग कळतच नाही. पण अटी घालून करा. ग्लोव्ह १४ औंसाचे तरी हवेत (स्पर्धेत या वजनाला १० औंसाचे असतात), १६चे असतील तर उत्तम. पहिला राउंड सीनियरने फक्त डावा हात वापरायचा. दुसरा फक्त छाती-पोटावर. तिसरा मोकळा, पण निम्म्या ताकदीने. तीनच राउंड. एका थकलेल्या पोरावर दर राउंडला ताजा माणूस सोडायची जी पद्धत आहे, तिला सराव म्हणू नका, ती कुटाई आहे. पूर्ण जोराचं स्पारिंग आठवड्यातून एकदा पुरे, तेही आपल्या बरोबरीच्याशी, आणि स्पर्धेआधी आठ-दहा दिवस अजिबात नाही.

जोड विषम आहे हे ओळखायला स्कोअर लागत नाही. मोबाइल कोपऱ्यातल्या खांबाला लावून राउंड रेकॉर्ड करा आणि घरी आवाज बंद करून बघा. मुलगा बाजूला न सरकता सरळ मागे दोरीपर्यंत जातोय का? ठोसा येताना डोळे मिटून मान फिरवतोय का? दोन-तीनच्या कॉम्बिनेशनऐवजी एकेकच ठोसा मारून गार्डमध्ये, म्हणजे तोंडासमोर धरलेल्या हातांमागे, लपतोय का? एकच उजवा तीनदा स्वच्छ बसला तर राउंड तिथेच थांबवून ती चूक दुरुस्त करायची. न थांबवता चालू ठेवलं की शरीर वेगळंच शिकतं: बिचकायला शिकतं. ही सवय नंतर बरोबरीच्या मुलासमोरही दिसते आणि काढायला महिने जातात. हरण्यापेक्षा हे महाग पडतं.

डोक्यावर जोरात बसल्यानंतर डोकेदुखी, मळमळ, उत्तर द्यायला उशीर, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं तर त्याला एकट्याने ठाण्याहून वाशी लोकल पकडू देऊ नका, बाइक तर नाहीच. डॉक्टरला दाखवा. उलट्या होत असतील, झोपेतून नीट जागा होत नसेल तर थेट हॉस्पिटल. गोळी घेऊन दोन दिवसांत पुन्हा रिंगमध्ये नको. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर या वयात जिवावर बेतू शकतं. स्पर्धेत डोक्यावरच्या माराने नॉकआउट झाला तर किमान ३० दिवस बंदी असते. जिममध्ये झाला तरी तेच ३० दिवस पाळा, तिथे सांगणारं कोणी नसतं.

वजनाचंही एक. वजन बाउटच्या दिवशी सकाळी होतं. आपल्याकडच्या दमट हवेत प्लास्टिकचा सूट घालून तीन किलो घाम काढलेला मुलगा संध्याकाळी कोरड्या अंगाने मार खायला उभा राहतो. किलो-सव्वा किलोच्या वर उतरवायची वेळ येत असेल तर वरच्या गटात खेळवा.

मग तयार कधी म्हणायचं? माझा अंदाज असा: २० ते २५ बाउट, त्यात किमान तीन डावखुऱ्यांशी, पहिला राउंड हरून जिंकलेली एखादी तरी लढत, आणि व्हिडिओत मोजल्यावर तिसऱ्या राउंडचे ठोसे पहिल्याच्या ८० टक्क्यांखाली जात नाहीत. १२ पैकी ९ हा आकडा छान आहे, पण त्या नऊ जणांत कोण होते हे सरांना विचारा.

‘लवकर भिडवला की लवकर मोठा होतो’ असं ऐकवतील. २०१३ साली मेक्सिकोचा २३ वर्षांचा बॉक्सर कानेलो आल्वारेझ अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरसमोर हरला आणि पुढे मोठा झाला, खरंय. पण तोवर त्याच्या ४३ व्यावसायिक लढती झाल्या होत्या, आणि त्या रात्री तो चकला, मोडला नाही. २००० साली अमेरिकेचा बॉक्सर फर्नांडो व्हार्गास २२ वर्षांचा, २० लढती, २० विजय, हातात जागतिक किताब. पोर्टो रिकोच्या फेलिक्स त्रिनिदादने त्याला पाच वेळा पाडलं. आपल्याकडची बॉक्सर निखत झरीन २०११ मध्ये कनिष्ठ वयोगटात जगज्जेती झाली, एलिटमध्ये जगज्जेती व्हायला २०२२ उजाडलं. मधली अकरा वर्षं ती थांबली नव्हती, पायरी पायरीने चढत होती.

ड्रॉ चिठ्ठीवर असतो, समोर कोण येईल हे सरांच्याही हातात नाही. म्हणून नाव देण्याआधीच त्यांच्याशी एक गोष्ट पक्की करा: टॉवेल कधी टाकायचा, म्हणजे कोपऱ्यातून लढत कधी सोडायची. ‘बघू तेव्हा’ नको. दुसरा काउंट, किंवा सलग तीस सेकंद उलट ठोसा नाही, असं काहीतरी मोजता येणारं. रेफ्री काउंट घेत असताना टॉवेल टाकता येत नाही, त्यामुळे टाकायचा तर काउंट संपून लढत पुन्हा सुरू होताच. सर हे ठरवायला तयार असतील तर स्थानिक खुल्या स्पर्धेत उतरवायला माझी हरकत नाही. तयार नसतील तर यंदा नाव देऊ नका.