'बेफिकीर' हा शेरा लिहिण्याआधी

अनेक आशीर्वाद.

क्षयरोगाच्या पाहणीची तुझी टिपणं दोनदा वाचली. आकडे स्वच्छ मांडलेस. पण औषध मध्येच सोडलेल्या अकरा जणांपुढे तू एकच शेरा लिहिलास: 'रुग्ण बेफिकीर'. हे पत्र त्या एका शब्दापायी.

तुझ्या वयात मीही तो सर्रास लिहीत असे. एका बाईंनी दोन महिन्यांतच गोळ्या बंद केल्या, तेव्हा मी चिडून जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, "दवाखाना उघडतो त्याच वेळी माझं काम सुरू होतं. इथं आले की खाडा पडतो. तीन खाडे झाले की माझ्या जागी दुसरी येते." माझ्या नोंदवहीत या उत्तरासाठी रकानाच नव्हता, म्हणून मी 'बेफिकीर' लिहून मोकळा झालो. ती बोच अजून गेलेली नाही.

तू म्हणशील, हा गरिबीचा प्रश्न झाला, गरिबी हटली की सुटेल. इथे मला तुला थोडं थांबवायचं आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९६७ साली सुरू झाला, सुमारे १८ हजार पुरुषांचा. त्यांत उपाशी कुणीच नव्हतं. नोकरी पक्की, पगार ठरलेला, आणि १९४८ पासून सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. मधल्या श्रेणीही सुटल्या नाहीत: पायरी जितकी खालची, तितका धोका जास्त. खालचे लोक सिगारेटी अधिक ओढत, हे खरं. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही बरीचशी तफावत उरलीच. १९८५ साली मायकेल मार्मॉट यांनी सुरू केलेल्या दुसऱ्या फेरीत स्त्रियाही होत्या. आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार अधिक, असं त्यात दिसलं. म्हणजे ही एक उतरंड आहे, आणि तू-मीही तिच्यातच कुठेतरी आहोत. पाहणी करताना फक्त तळाचं मडकं तपासून परत येऊ नकोस.

सरासरीवरही विसंबू नकोस. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या परिसरातल्या दोन वस्त्यांचे आकडे दिले होते. काल्टनमध्ये पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षं, जवळच्याच लेन्झीत ८२. मधलं अंतर थोड्या मैलांचं. दोन्हींची मिळून सरासरी काढली असती, तर ती दोहोंपैकी एकाही वस्तीची झाली नसती.

रुडॉल्फ फिर्शो हा डॉक्टर १८४८ साली टायफसच्या (उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या) साथीची चौकशी करायला प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या अप्पर सायलेशिया प्रांतात गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. प्रशियाच्या सरकारने त्याला रोगाची तपासणी करायला पाठवलं होतं. त्याने अहवालात उपाय सुचवले ते शिक्षणाचे, स्वराज्याचे आणि करांचा बोजा गरिबांवरून उतरवण्याचे. सरकारला ते मुळीच रुचलं नाही. तुझ्याही अहवालावर कधीतरी 'हा आरोग्याचा विषय नाही' असं कुणीतरी लिहील. त्या दिवशी फिर्शोची आठवण काढ.

एक सावधगिरी मात्र हवी. समाजाकडे बोट दाखवून गोळीला कमी लेखू नकोस. क्षयाचा जंतू खरा आहे आणि औषधाने तो मरतो. ज्याला औषधाची सर्वाधिक गरज, त्याच्यापर्यंतच ते सर्वांत उशिरा पोचतं, हे दुखणं आहे. वेल्समधल्या खाणकामगारांचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली याला 'उलट्या सेवेचा नियम' म्हटलं. बाजाराच्या हाती सेवा जितकी अधिक, तितका हा नियम घट्ट होतो, हेही त्यांनीच सांगितलं. माझा अनुभव त्यांच्या बाजूने आहे.

तर त्या अकरा जणांकडे पुन्हा जा. दिवस मावळल्यावर जा, कारण दुपारी ते भेटणार नाहीत. वही मिटलेली असू दे. कामाच्या वेळा विचार, खाडा पडला तर काय होतं ते विचार, एका खोलीत किती जण झोपतात ते बघ. मग शेऱ्याचा रकाना नव्याने भर आणि मला पाठव. दवाखान्याची वेळ बदलण्याचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू.

तुझा,
काका